वारिजाच्या गावात कुणी बुडत नाही

वारिजा साल्यान मुलखाची हट्टी. तिची आई गुलाबक्काच असं म्हणते, आणि गुलाबक्का म्हणजे कोण? मंगळूरच्या बाजारात बांगड्याचा भाव एकदा तोंडातून गेला की समुद्राचा राखणदार बोब्बर्य स्वतः गिऱ्हाईक होऊन आला तरी खाली उतरणार नाही, अशी बाई. खाण तशी माती, दुसरं काय!

वारिजाचा बाप वासु कुंदर. बाप कुंदर आणि पोर साल्यान, कारण मोगवीर कोळ्यांत कूळ आईचं चालतं. बाहेरगावचा कोणी कारकून बदलून आला की हटकून विचारायचा, ‘‘आडनाव बापाचं चुकलंय की पोरीचं?’’ गुलाबक्का टोपली खाली न ठेवता सांगायची, ‘‘चुकलंय ते तुझं डोकं.’’

वारिजा दहावीत होती तेव्हा वासु दूमप्पण्णाच्या ट्रॉलरवर गेला. दूमप्पण्णा त्या बोटीचा तांडेल आणि वासुचा लंगोटीयार. बोट परत आली, दूमप्पण्णा परत आला, वासु नाही आला. जाळं ओढताना लाटेने उचलला म्हणाले. चार बंदरांच्या बोटी शोधायला गेल्या, पण हाती काही लागलं नाही. मग मदतीचा कागद घेऊन एक साहेब आला. नवरा मयत, अर्जदार विधवा, इथे सही. गुलाबक्काने कागद वाचून घेतला आणि विचारलं, ‘‘तुम्ही पाहिलात का त्याला मेलेला?’’ साहेब म्हणाला, नाही. ‘‘मीही नाही पाहिला. मग मी कशाला लिहून देऊ?’’ साहेबाने पुष्कळ समजावलं, नातेवाईकांनी त्याहून जास्त. बाईने सही केली नाही ती नाहीच. गळ्यातलं करिमणी, म्हणजे मंगळसूत्र, आजही गळ्यात आहे. मदत आली नाही. हट्टापायी पोरीचं नुकसान केलंस म्हणून भावकीने तोंडसुख घेतलं, आणि गुलाबक्काने मासे विकून पोरीला कॉम्प्युटरचं शिक्षण दिलं.

तसं पाहिलं तर त्या कोळीवाड्यात ‘बुडाला’ हा शब्द कुणीच उच्चारत नाही. बोटीला उशीर झाला की बायका म्हणतात, अजून बाहेर आहे. कितीही उशीर झाला तरी तेच म्हणतात. गुलाबक्काने तेवढंच केलं होतं, फक्त बाकीच्यांपेक्षा जास्त वर्षं.

तर ही वारिजा शिकून कद्री टेकडीच्या पायथ्याशी एका लहानशा कंपनीत लागली. खाली बेकरी, वर कंपनी. मालक अनंतपद्मनाभ भट, सगळे त्यांना भट सर म्हणत. माणूस सज्जन, पण तारखेचा पक्का. दिलेली तारीख चुकली तर त्यांना जेवण जायचं नाही. शेजारच्या टेबलावर ग्लॅडसन डिसोझा. त्याचं तोंड म्हणजे बंदरावरचा भोंगा, एकदा सुरू झाला की थांबत नाही. आणि वारिजाचं काम असं की, वेबसाइट तयार होत असते तेव्हा आत खरी माणसं नसतात, म्हणून खोटी माणसं, खोटी घरं, खोटी नाती आत भरायची आणि सगळं नीट चालतंय का ते पाहायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण घर कुणाचं, पोरं कुणाची, बोटीवर कोण, हे धागे एकमेकांत असे गुंतलेले असतात की एक चुकीचा बांधला तर सगळा गुंता होतो.

त्या वर्षी मच्छीमार संघाचं काम आलं. बोट निघताना तांडेलाने फोनवर खलाशांची नावं टाकायची. काही बरंवाईट झालं तर मदत थेट घरी पोचायची. मासेमारीची पावसाळी बंदी उठायच्या आत वेबसाइट चालू व्हायला हवी, नाहीतर या हंगामातही संघ जुन्याच कागदावर काम चालवणार होता. तोच कागद, मयत आणि विधवावाला. वारिजाने काम घेतलं तेव्हाच मनाशी ठरवलं, की तो कागद आता तिच्या गावात पुन्हा कुणाच्या दारात जाता कामा नये.

पहिल्याच आठवड्यात तिने भट सरांना हाक मारली. ‘‘सर, इकडे या जरा. ह्या घरात तीन पोरं आहेत आणि तीन आया.’’

‘‘बाप हौशी असेल, मारायती!’’ ग्लॅडसन लगेच म्हणाला; बाईमाणसाला तो मारायतीच म्हणायचा.

‘‘शेजारच्या घरात पाच पोरं, पाच आया. अख्खं गाव हौशी आहे का रे?’’

झालं होतं असं, की खोटी माणसं पाडायचा एक तयार साचा भट सरांनीच लिहिला होता. साच्याकडे पोर मागितलं की तो त्याला एक कोरी करकरीत आई करून द्यायचा. दुसरं पोर मागितलं की दुसरी आई. भावंडांना आई एकच असते, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘‘अगं, खोटी माणसं आहेत ती,’’ भट सर म्हणाले. ‘‘आकडा जुळतोय ना? मग झालं.’’

‘‘खोटी असली म्हणून काय झालं? आई एकच हवी. आमच्याकडे घर आईवर उभं असतं, सर. तीन आया म्हणजे तीन घरं, आणि तीन घरं म्हणजे तिप्पट मदत. संघवाले आधी आनंदाने नाचतील आणि मग आपल्याला नाचवतील.’’

भट सरांनी कपाळावर हात मारला. ‘‘बरं बाई, कर तुझं गाव तुझ्या मनासारखं. पण तारीख तीच राहील.’’

आणि वारिजाने खरंच एक गाव वसवलं. नाव ठेवलं पडुबैलू. आधी घर, मग घराची आई, आईच्या पदराखाली पोरं, मग पुरुष, मग बोटी. एक भांडकुदळ शंकरी होती, जिच्या घरी पाहुणेच फार. एक तांडेल होता, त्याची बोट नेहमी उशिराच यायची. एका खलाशाला दोन बोटींवर नाव घालायची खोड होती, कारण खऱ्या गावात असे लबाड असतातच आणि वेबसाइटने त्यांना पकडायला हवं. बटण दाबलं की सगळं गाव नव्याने उभं राहायचं, त्यातून बोटी जायच्या-यायच्या, आणि तपासून झालं की गाव पुसून जायचं. पुन्हा बटण दाबलं की सगळी माणसं पुन्हा आपापल्या घरी. ऑफिसला त्या गावाचा लळाच लागला. चहाबरोबर बेकरीतले बन्स यायचे आणि ग्लॅडसन विचारायचा, ‘‘काय म्हणतंय पडुबैलू? तुझ्या गावात मरतं की नाही गं कुणी?’’

‘‘माझ्या गावात कुणी बुडत नाही,’’ वारिजा ठसक्यात सांगायची. सगळे हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

काम पाहायला संघाने माणूस पाठवला, तो दूमप्पण्णा! आता त्याने समुद्र सोडला होता, गुडघे गेले होते, संघाचं काम बघत होता. वासु गेल्यापासून तो गुलाबक्काच्या दारात कधी आला नव्हता आणि गुलाबक्कानेही त्याला कधी बोलावलं नव्हतं. रस्त्यात समोर दिसला की दोघांपैकी कुणीतरी गल्ली बदलायचं. वारिजाला पाहून म्हातारा दारातच थबकला, मग मुकाट्याने येऊन बसला. तिने चहा दिला, त्याने खाली मान घालून घेतला.

त्याने चष्मा लावला आणि पडुबैलूतले अपघात एकेक करून उघडायला लागला. पहिल्यात खलाशी पाण्यात पडला, दुसऱ्या बोटीने उचलला. दुसऱ्यात एकाचा पाय मोडला, पण घरी आला. तिसऱ्यात इंजिन बंद पडून बोट कारवारकडे वाहत गेली, सगळे सुखरूप. तो बघतच गेला. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, ‘‘पोरी, तुझ्या गावातला समुद्र फार मायाळू आहे गं. आमच्या वाट्याला असा नाही आला.’’

ग्लॅडसन हसला आणि कुणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

‘‘जो परत आला नाही, त्याचं घर दाखव,’’ दूमप्पण्णा म्हणाला.

तसं घर पडुबैलूत नव्हतंच. भट सरांना घाम फुटला. ‘‘आत्ता दाखवतो,’’ म्हणत ते स्वतः पुढे झाले, एक खलाशी निवडला आणि त्याला मयत म्हणून खोडून टाकलं. तशी त्याची बायको गेली, पोरं गेली, घर गेलं! पडद्यावर त्या जागी नुसती पांढरी पट्टी राहिली. वेबसाइटच्या मदतीच्या भागात सगळं त्या पुरुषाच्या नावाला टांगलं होतं; खुंटी उपटली तसे कपडेही पडले.

‘‘अरेरे,’’ दूमप्पण्णा हळूच म्हणाला. ‘‘घरच राहिलं नाही की.’’ आणि काठी टेकत निघून गेला.

भट सर रागावले नाहीत, तेच वारिजाला जास्त लागलं. ‘‘तू भावंडांच्या आया मोजल्यास,’’ ते म्हणाले, ‘‘आणि एवढी मोठी गोष्ट राहिली कशी?’’

कशी राहिली ते तिला पुरतं ठाऊक होतं. कितीदा ती ते लिहायला बसली होती! दर वेळी माणूस बोटीतून पडायचा आणि दर वेळी तिची बोटं त्याला बाहेर काढायची. कोळ्याची पोर होती ती. जे तोंडाने म्हणायचं नाही ते हाताने लिहायचं कसं? लाज वाटली तिला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘मला दे,’’ ग्लॅडसन म्हणाला, आणि या वेळी तो चेष्टा करत नव्हता. ‘‘दोन मिनिटांत बुडवतो एकाला. तुला नाही जमायचं ते.’’

‘‘हात लावशील तर खबरदार. गाव माझं आहे. बुडवायचं तर मीच बुडवीन.’’

रविवारी सकाळी गुलाबक्का मागच्या अंगणात बांगडे साफ करत बसली होती. वारिजा समोर पाट घेऊन बसली. ‘‘अप्पे,’’ तिने आईला हाक मारली, ‘‘मला एका माणसाला समुद्रात घालवायचंय.’’

‘‘कुणाला?’’

‘‘खोट्या माणसाला. कामातल्या.’’

‘‘खोट्याला काय, दहा वेळा घालव. मला कशाला विचारतेस?’’

‘‘त्याचं घर आपल्यासारखं आहे. बायको तुझ्यासारखी.’’

गुलाबक्काचा सुरा थांबला. मग पुन्हा चालायला लागला, जरा जोरात. ‘‘म्हणजे तिच्यापुढेही कागद धरणार तुम्ही? मेला म्हणून लिहून दे म्हणून?’’

‘‘तसं नकोय म्हणूनच तर विचारतेय. तुझ्यापुढे काय धरलं असतं तर तू सही केली असतीस?’’

‘‘काही नाही! काहीच धरायचं नव्हतं माझ्यापुढे!’’ गुलाबक्का एकदम भडकली. इतक्या वर्षांचं सगळं एका दमात बाहेर आलं. ‘‘मला काय ठाऊक तो मेला की जगला? मी घरात चूल फुंकत होते. ज्याच्याबरोबर गेला त्याला विचारायचं ना! दूमप्पाला विचारायचं. बाबा रे, तुझ्याबरोबर किती गेले, किती आले, बोल. ते सोडून माझ्या उरावर येऊन बसले. नवऱ्याला माझ्याच तोंडाने मारायला निघाले, मेले!’’ तिने मनगटाने डोळे पुसले, खवला गालाला चिकटला. ‘‘तुझ्या त्या बाईला कुणी असं विचारलं ना, तर बघ. माझ्याशी गाठ आहे.’’

वारिजा उठली, आईच्या गालावरचा खवला काढला आणि म्हणाली, ‘‘नाव काय ठेवू तिचं?’’

‘‘कुणाचं?’’

‘‘त्या बाईचं.’’

गुलाबक्काने थोडा विचार केला. ‘‘सुंदरी ठेव. आणि मिरच्या भिजत घातल्यात त्या वाटून आण, नुसती बसू नकोस.’’

सोमवारी वारिजाने भट सरांपुढे कागदावर सगळं काढून दाखवलं. जिणं-मरण माणसाच्या नावापुढे लिहायचंच नाही. लिहायची ती फेरी. फेरीत कोण गेले ते तांडेल निघताना सांगतो, कोण आले तेही तांडेलच सांगतो. जो गेला आणि आला नाही, त्याच्या घराला मदत. बायकोला एक अक्षर विचारायचं नाही. माणूस खोडायचा नाही. आणि घर टांगायचं ते घरच्या आईच्या नावाला, पुरुषाच्या नाही.

भट सरांनी डोकं धरलं. ‘‘लग्न तोंडावर आलंय आणि तू मांडव हलवायला निघालीस?’’

‘‘मांडव चुकीच्या अंगणात घातलाय, सर.’’

‘‘तारीख चुकली तर?’’

‘‘नाही चुकणार. आणि चुकलीच, तर संघापुढे मी उभी राहीन, तुम्ही नाही.’’

भट सरांनी उठून खालून तिघांसाठी चहा मागवला, आणि त्यांनी पदरचा चहा मागवला म्हणजे लढाईला संमती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने सगळ्यात आधी घर बांधलं. सुंदरी, तिची दोन पोरं, एकच आई. सुंदरीचा नवरा बाबु. बाबु सकाळी घरी आहे, तांडेल त्याचं नाव टाकतो, बोट जाते, बोट येते, तांडेल बाकीच्यांची नावं टाकतो. बाबुचं टाकत नाही. ती ओळ तिने मन घट्ट करून लिहिली, आणि या वेळी कुणालाही त्याला उचलायला पाठवलं नाही. बटण दाबलं तर सगळं लालेलाल, म्हणजे नापास. सुंदरीचं घर पुन्हा गडप.

‘‘झालं वाटोळं,’’ ग्लॅडसन म्हणाला.

‘‘वाटोळं कसलं? आता कुठे खरं बोलायला लागलंय,’’ वारिजा म्हणाली आणि बाह्या सरसावून बसली.

मग त्या तिघांनी एकेक धागा सोडवून नव्याने बांधला. तीन आया करणारा तो साचा भट सरांनी स्वतःच्या हातांनी मोडला. दर वेळी गाव उभं राहायचं, बाबु घरी असायचा, जायचा, यायचा नाही, गाव पुसलं जायचं. पुन्हा बटण, पुन्हा बाबु घरी. एका दुपारी बटण दाबलं आणि सगळं हिरवं झालं. बाबु आला नव्हता, पण सुंदरीचं घर जागच्या जागी होतं, पोरं होती, मदत लागू झाली होती. वारिजा उठली, जिन्यात जाऊन बसली आणि भडभडून रडली. ग्लॅडसन बेकरीतून गोळीबजे, ती गोल भजी, घेऊन आला, तिच्या शेजारी पुडा ठेवला आणि एक शब्दही न बोलता वर गेला. ग्लॅडसनसारख्या माणसाने हे केलं, यातच सगळं आलं.

दूमप्पण्णा पुन्हा आला. त्याने बाबुची फेरी उघडली, वाचली, पुन्हा वाचली.

‘‘हे तांडेलाने सांगायचं?’’

‘‘हो.’’

‘‘बायकोला काही विचारत नाही?’’

‘‘नाही. काहीच नाही.’’

‘‘आणि जुनी गोष्ट असली तर? फार जुनी?’’

‘‘तांडेल सांगत असला तर घेता येते,’’ वारिजा म्हणाली.

म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला. ‘‘मला कुणी विचारलंच नाही गं,’’ तो म्हणाला. ‘‘चौकशीला बसवलं. बोट कुणाची, जाळं कुठलं, डिझेल किती, सगळं विचारलं. वासु तुझ्याबरोबर गेला होता का, तुझ्याबरोबर आला का, हे एवढं कुणी विचारलं नाही. मग तुझ्या आईच्या दारात कुठल्या तोंडाने येऊ? काय सांगू?’’ तो पुढे सरकला आणि एक बोट पडद्याकडे नेलं. ‘‘इथे लिहू?’’

‘‘इथे नको, दूमप्पण्णा. हे गाव पुसलं जातं.’’

तेव्हा भट सर उठले. तारखेआधी काहीही न उघडणारे भट सर! त्यांनी खरी वेबसाइट उघडली, संघाच्या घरांची यादी तेवढी आत आलेली, अजून एकही फेरी नसलेली, आणि म्हाताऱ्यापुढे ठेवली. दूमप्पण्णाने एकाच बोटाने, अक्षर शोधत शोधत, बोटीचं नाव लिहिलं. मग गेलेल्यांची नावं लिहिली, वासु कुंदर धरून. मग आलेल्यांची नावं लिहिली आणि वासुच्या जागेपाशी बोट उचललं. ‘‘माझ्याबरोबर गेला,’’ तो मोठ्याने म्हणाला, जणू कुणापुढे साक्ष देत होता, ‘‘माझ्याबरोबर आला नाही.’’ खाली घर म्हणून आपोआप नाव आलं, गुलाबक्काचं कागदावरचं: गुलाबी साल्यान.

वारिजाने संध्याकाळी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. गुलाबक्का टोपल्या धूत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘स्वतः बोलला? दूमप्पा?’’

‘‘स्वतः. त्यानेच लिहिलं.’’

‘‘बरं.’’ तिने टोपली पालथी घातली. ‘‘रविवारी जेवायला ये म्हणावं त्याला. बांगड्याची गस्सी त्याला आवडते, ह्यांच्याबरोबर इथेच तर बसायचा.’’ हात पुसताना तिने गळ्यातलं करिमणी नेहमीसारखं पदराआड सारलं, आणि मग, जणू सहज आठवलं म्हणून, म्हणाली, ‘‘आणि तुझ्या त्या गावातला? सुंदरीचा?’’

‘‘बाबु? तो रोजचाच आहे, अप्पे. वेबसाइट चालू झाली तरी रोज सकाळी आधी ते गाव चालवून बघावं लागतं. उद्या मी बटण दाबलं की तो पुन्हा घरी असेल. मग जाईल.’’

‘‘रोज सकाळी घरी असतो?’’

‘‘रोज.’’

गुलाबक्काने दुसरी टोपली पालथी घातली.

‘‘मग उद्या जरा उशिराने दाब,’’ ती म्हणाली. ‘‘झोपू दे त्याला थोडा.’’